लाल डब्यातलं तेल

४ जानेवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतोय आणि तुझी नणंद लिहितेय, त्यामुळे अक्षर तिचं आणि अक्कल माझी असं समजून वाच. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि मग मी ओरडतो अशी इथे तिच्या घरी तक्रार आहे, म्हणून पत्र. डोळ्यांपुढे अजून दुधी काच लावल्यासारखं आहे. मोतीबिंदू पिकलाय, पण रक्तदाब खाली आल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नाहीत. तो गाडीच्या काळजीने चढलाय, हे त्यांना कोण सांगणार?

आपली म्हातारी कशी आहे? परवा शेजारणीसमोर मी म्हणालो, "म्हातारी एकटी पडलीय, सकाळी लवकर उठत नसेल." ती बिचारी हळहळली. व्हॅनबद्दल बोलतोय हे कळल्यावर मात्र माझ्याशी बोलेनाशी झालीय.

आपल्या डायलिसिसच्या पेशंट टेलरबाईंनी तुझ्या नणंदेला फोनवर सांगितलं की सूनबाई ब्रेक लावते तो कळतसुद्धा नाही. डायलिसिसहून परतणारा माणूस पिळून काढलेल्या कपड्यासारखा असतो, त्याला एक खड्डासुद्धा सोसत नाही. मी इतकी वर्षं पेशंटची ने-आण केली, पण असं प्रशस्तिपत्र मला कुणी दिलं नाही. मला तुझा फार अभिमान वाटतो. तोंडावर म्हणणं जमलं नसतं, म्हणून पत्रात म्हणून घेतो.

आता मुद्द्याचं. तेल फक्त लाल डब्यातलं. दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं नाव काढायचं नाही. कोठीच्या वरच्या फळीवर दोन डबे उरलेत, तेव्हा तेल बदलायची घाई करू नकोस. आणखी थोडे दिवस चालव. तुझी सासू होती तेव्हा मला काळजी नव्हती. ती झाकण सैल करून डबा माझ्या हातात द्यायची, मी नुसतं ओतायचो.

तुझा,
बाबा

(वहिनी, हे कंसातलं माझं. काल डॉक्टरांनी "काय होतंय?" विचारलं, तर बाबांनी त्यांना त्यांच्या गाडीत कुठलं तेल घालता ते विचारलं.)


१३ जानेवारी

बाबांना नमस्कार.

तुमचं कौतुक मी मोठ्याने वाचून दाखवलं. तुमचे चिरंजीव म्हणाले, "मला कधी असं लिहिलं नाही." मी म्हटलं, तुम्ही कधी व्हॅन चालवलीत? छापखान्याला सुट्टी होती म्हणून रविवारी शेजारी बसून आले. जाताना-येताना दाराची कडी सोडली नाही आणि उतरल्यावर गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून तिचे आभार मानले. माझे नाहीत.

म्हातारी उठते, पण कुरकुर करते. तेल बघायची डिपस्टिक ओढली की काडीवर काजळ येतं. बदलायची वेळ केव्हाच उलटून गेलीय. परवा गॅरेजच्या मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, "वहिनी, चांगली कुठलीही कंपनी घ्या. डब्यावरचा नंबर तुमच्या इंजिनाला जुळला पाहिजे आणि वेळेवर बदललं पाहिजे. नाव कितीही मोठं असलं तरी काळं झालेलं तेल काळंच."

टेलरबाई मागून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे हिचंही माझ्यासारखंच झालंय की! घाण साचली, साफ करून घ्यायला हवी. मला आठवड्यातून तीनदा नेतेस, हिला एकदा तरी ने." मिस्त्री इतका हसला की पाना गटारात पडला.

बाबा, फळीवरचे दोन डबे पुरतील तेवढ्या कामाला. वापरू का? ते जपायचे असतील तर दुसरं आणते. काहीतरी एक करायला परवानगी द्या.

तुमची,
सूनबाई


२० जानेवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

मिस्त्री हुशार आहे, त्याच्या हाताला गुण आहे, मान्य. पण त्याने लाल डब्याचं तेल पाहिलंय कुठे? मी त्या तेलावर गाडी अशी चालवली की स्टँडवरचे ड्रायव्हर विचारायला यायचे, "काका, घालता काय?" मी छाती फुगवून सांगायचो, लाल डबा. घरी जेवताना सांगायचो, पाहुण्यांना सांगायचो. तुझ्या नणंदेच्या लग्नात मी व्याह्यांशी दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलल्याचं तिला आठवत नाही.

फळीवरच्या दोन डब्यांना हात लावू नकोस. दुसरं तेलही आणू नकोस. मी येतो, मी माझ्या हाताने बदलतो. तोवर सावकाश चालव, चढावर दमानं घे. तू जपून चालवतेस, तुला जमेल.

रागावलो नाही. आवाज मोठा वाटला तर तो तुझ्या नणंदेच्या पेनाचा.

बाबा

(वहिनी, पेनाचा नव्हता, रागावलेच होते. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा रक्तदाब इतका चढला की डॉक्टरांनी ऑपरेशन आणखी पुढे ढकललं. कसंही कर, पण डब्यांवरून त्यांच्याशी वाद घालू नकोस. डोळे महत्त्वाचे. एरवी इतके समजूतदार आहेत, या एकाच गोष्टीत असे का अडून बसतात, देव जाणे.)


३ फेब्रुवारी

वन्सं,

हे पत्र फक्त तुम्हाला. बाबांना वाचून दाखवू नका. त्यांनी विचारलं तर वीजबिल आलंय म्हणा.

सोमवारी हॉस्पिटलच्या अलीकडच्या चढावर म्हातारी टकटक आवाज करायला लागली आणि तेलाचा लाल दिवा लागला. मी तशीच बाजूला घेतली. आत टेलरबाई आणि आणखी दोघे. दुसरी गाडी मिळेपर्यंत मी रस्त्यात उभी राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होते. टेलरबाईंना मशीनवर लागायला उशीर झाला आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे पाय टम्म सुजले. पण मला दोष दिला नाही. उलट दुसऱ्या गाडीत जायला उतरताना मलाच म्हणाल्या, "माझं रक्त थोडं थांबेल गं, तू तुझं काळीज थांबवू नकोस." मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले.

मिस्त्री आला. त्याने डिपस्टिक काढून माझ्यापुढे धरली. म्हणाला, "हे तेल नाही वहिनी, डांबर आहे. नशीब, तुम्ही लगेच बंद केलीत. आणखी थोडी रेटली असती तर इंजिन जाम झालं असतं, आणि मग कुठलीच कंपनी मदतीला आली नसती."

घरी येऊन तडक कोठीत गेले. फळीवरचा लाल डबा उतरवला, झाकणाला हात घातला आणि थांबले. बाबांनी स्पष्ट नको म्हटलंय. दुसरं तेल घालायलाही नको म्हटलंय. पण टेलरबाईंचे पाय मी पाहिले होते. मग माझ्या डोक्यात एक युक्ती आली. लाल डबे रिकामे झाले तरी बाबा फेकू देत नाहीत, ते खाली रचून ठेवलेले आहेत. त्यातले दोन घेतले, साफ पुसले आणि बाजारातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. म्हटलं, मिळेल ते तेल घ्यायचं, या डब्यांत भरायचं आणि गाडीत ओतायचं. उद्या बाबांनी विचारलं तर "लाल डब्यातूनच घातलं" हे शपथेवर सांगता येईल. माझ्या हुशारीवर मी वाटेत खूशसुद्धा झाले होते.

दुकानदार काकांनी चष्मा कपाळावर चढवला, डब्यांकडे पाहिलं आणि हसायलाच लागले. म्हणाले, "घ्या! सासूचं काम आता सुनेकडे आलं म्हणायचं."

"म्हणजे?"

"अहो, लाल कंपनी बंद पडून जमाना झाला. शेवटचा माल संपला तेव्हा मीच तुमच्या सासूबाईंना म्हटलं, आता दुसरं काहीतरी घ्या. त्या घरी गेल्या आणि थोड्या वेळाने हेच रिकामे डबे घेऊन परत आल्या. म्हणाल्या, 'नंबर बरोबर द्या, रंगाचं मी बघते.'"

वन्सं, मी डबे काउंटरवर ठेवले आणि सगळं खोदून विचारलं. काका सांगत होते, दर वेळी वेगळी कंपनी, दुकानात असेल ती. सासूबाई फक्त नंबर स्वतः वाचून घ्यायच्या आणि नरसाळं घरून आणायच्या. दुकानातल्या नरसाळ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. काकांनी एकदा विचारलं, एवढा खटाटोप कशाला? तर म्हणाल्या, "त्यांचा जीव आहे त्या डब्यावर. कंपनी बुडाली म्हटलं तर गाडीवरचा विश्वास उडेल. घाबरलेला ड्रायव्हर आणि मागे आजारी माणूस, हे मला नको."

आठवतंय का तुम्हाला? सासूबाई कधी गाडीत पुढे बसल्यासुद्धा नाहीत. मला वाटायचं, त्यांना गाडीतलं काही कळत नाही. बाबा लाल डब्याचं गुणगान सुरू करायचे तेव्हा त्या मान खाली घालून ताटं उचलायच्या, आणि मी मनात म्हणायचे, बिचाऱ्या, ऐकून ऐकून कंटाळल्या असतील. त्या हसू लपवत असणार! बाबांनी स्टँडवर छाती फुगवून ज्या तेलाची टिमकी वाजवली, ते सगळं या बाईने कडेवर वाहून आणलेलं. आणि कधी एका शब्दाने श्रेय घेतलं नाही. मी असते तर तिसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला सांगून मोकळी झाले असते.

तेल बदललं, फिल्टरही बदलला. म्हातारी आता इतकी गोड चालते की मिस्त्रीने दोनदा चालू-बंद करून आवाज ऐकला. फळीवरचे दोन डबे जागच्या जागी आहेत.

बाबांना काय सांगू? ज्या तेलासाठी ते जगाशी भांडले, ते तेल गाडीत कधीचंच नव्हतं, हे त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

वहिनी


९ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र मी न्हाणीघरात कडी लावून वाचलं आणि तिथेच बसून आधी हसले, मग रडले. आई! माझी आई! मला साधी सुई ओवता येईना तेव्हा ओरडणारी, आणि नवऱ्याचं मन असं डब्यात भरून ठेवत होती. मला पोटच्या मुलीला पत्ता नाही.

बाबांना यातलं अवाक्षर सांगायचं नाही. कळलं तर ते कोलमडतील. माझं ऐक, आईने जे इतकी वर्षं झाकलं ते आपण उघडायचं नाही. आता ही आपल्या दोघींची जबाबदारी.

मी त्यांना वीजबिल आलं म्हणून सांगितलं. "आणि गाडी?" मी म्हटलं, ठणठणीत. मग जरा वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "फळीवरचे डबे आहेत ना गं? वापरले नाहीत ना?" मी म्हटलं, आहेत. त्यावर "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले, ते थेट सकाळी उठले. रक्तदाब उतरलाय. आता तूही त्यांना एक छानसं पत्र पाठव. गाडी छान, तेल छान, डबे छान. जास्त शहाणपणा करू नकोस.

तुझी नणंद


१६ फेब्रुवारी

बाबांना नमस्कार.

ऑपरेशनची तारीख मिळाली हे कळून इथे सगळ्यांना आनंद झाला. टेलरबाई म्हणतात, काकांना नीट दिसायला लागलं की पहिला माझा नवा ब्लाउज दाखवणार. रंग त्यांनीच निवडलाय, तेव्हा ऑपरेशनआधीच आलात तर बरं, असं तुमचे चिरंजीव म्हणाले.

म्हातारी झकास चालते आहे. तुम्हाला न विचारता तेल बदललं, त्याबद्दल रागवा हवं तर, पण घाबरू नका. लाल डब्यातूनच घातलं. फळीवरचे दोन डबेही होते तसे आहेत, मी हात लावलेला नाही. दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नावही काढलं नाही.

निश्चिंत मनाने ऑपरेशन करून घ्या. न्यायला मीच येणार, गाडी घेऊन.

तुमची,
सूनबाई


११ मार्च

चि. सूनबाई,

हे पत्र माझ्या हाताने लिहितोय. ओळी चढाला लागल्यात, पण तुला चढाची सवय आहे. पट्टी निघाली तेव्हा पहिली तुझी नणंद दिसली. म्हातारी झालीय गं ती. मी तिला तसं म्हटलं नाही, एवढी अक्कल मला आहे.

तुझं शेवटचं पत्र मी आज स्वतः पुन्हा वाचलं. तेल लाल डब्यातून घातलं आणि फळीवरचे दोन डबे तसेच आहेत, ही दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ एक! अगं, थाप मारायची तर जरा मेळ घालून मारावी. तुझ्या सासूची एकही थाप कधी अशी उघडी पडली नाही. तुझ्या नणंदेने हे पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हाच मला उमगलं, तू रिकामे डबे घेऊन दुकानात गेलीस. आणि गेलीस म्हणजे दुकानदाराने तुला सगळं सांगितलं. तो गप्प बसणाऱ्यांतला नाही.

सूनबाई, मला माहीत होतं.

लाल कंपनी बंद पडली हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. त्यांचा माल पोचवणारा ड्रायव्हर चहाच्या टपरीवर भेटला, डोळ्यांत पाणी आणून सांगत होता. मी घरी आलो तो अगदी मेलेल्या तोंडाने. कसं सांगावं याचा विचार करत पायरीवर बसलो. तेवढ्यात तुझी सासू आतून आली आणि लाल डबा माझ्यापुढे ठेवला. झाकण सैल केलेलं. "सहज मिळाला," म्हणाली. मी ओतायला लागलो आणि धार पाहूनच समजलो, हे ते तेल नव्हे. वासही वेगळा. मी वर पाहिलं तर ती पदराने हात पुसत दुसरीकडेच बघत होती. बोटांना तेल लागलेलं होतं.

त्या दिवशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बोलवेना. मग गाडी चालवून पाहिली आणि इंजिनाने काही तक्रार केली नाही. तुझा मिस्त्री बरोबर सांगतो. नंबर जुळला आणि वेळेवर बदललं की इंजिनाला कंपनीचं नाव वाचता येत नाही. हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

मग मी जन्मभर लाल डब्याचं कौतुक का करत बसलो? अगं, ते कौतुक तेलाचं नव्हतं. "तू माझ्यासाठी किती करतेस" असं बायकोला तोंडावर म्हणायची माझी हिंमत नव्हती. मग जेवताना म्हणायचो, लाल डब्याला तोड नाही. ती मान खाली घालून ताटं उचलायची. पाहुण्यांपुढे म्हणायचो, याच्यावरच माझी गाडी चालते. ती स्वयंपाकघरातून ऐकायची. तिला वाटायचं मी फसलोय, आणि मला ते फसणं फार आवडायचं. तिला माझं कळलं होतं की नाही, हे मात्र मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिच्या आजारपणात एकदा मी बाहेरून आलो तर कोठीतली फळी भरलेली. लाल डब्यांची रांग. चार पावलं चालली की धाप लागायची तिला तेव्हा. म्हणाली, "स्वस्त मिळाले, घेऊन ठेवले." ती गेल्यावर मी एकेक वापरत आलो. शेवटचे दोन उरले आणि माझा हात आखडला. हे मी तुझ्या नणंदेला लिहून घ्यायला सांगू शकत नव्हतो, म्हणून कंपनीच्या नावाने भांडलो. आंधळा माणूस पत्रसुद्धा एकट्याने लिहू शकत नाही, सूनबाई.

पण तुला थांब म्हणालो ते साफ चुकलं. चढावर काय झालं ते टेलरबाईंनी मला परवा फोनवर सांगितलं. त्यांचे पाय सुजले ते माझ्यामुळे. तुझ्या सासूला हे कळलं असतं तर तिने मला उभं केलं नसतं. ती पेशंटना आधी बघायची, मला मागून. तूही तेच केलंस. नको म्हटलेलं मोडलंस, माणसं जपलीस आणि वर माझं मनही जपलंस. तिच्यानंतर ही गाडी योग्य हातात आहे, हे मला आता डोळ्यांनी बघायचंय.

तुझ्या नणंदेला हे सांगू नकोस. मला काही माहीत नाही असं समजून ती माझ्याशी फार प्रेमाने वागतेय. तिला गुपित सांभाळायला आवडतं, सांभाळू दे.

रविवारी न्यायला ये. यापुढे दुकानात असेल ते तेल आण, नंबर वाचून घे, तारीख चुकवू नकोस. आणि पुढच्या खेपेला फळीवरचे ते दोन डबे उतरव. तेल आहे ते, गाडीत गेलं पाहिजे. नुसतं ठेवून दिलं तर तिलाच आवडणार नाही. मी ओतीन.

झाकणं तेवढी तू सैल करून ठेव.

बाबा